अग्न्यस्त्रांची नावे : एक शब्देतिहासिक विवेचन

वस्तूचा इतिहास आणि तिच्या नावाचा इतिहास हे दोन भिन्न इतिहास होत. सामान्यतः ते समांतर चालतात असे गृहीत धरले जाते, परंतु अनेक प्रसंगी नाव वस्तूपेक्षा कित्येक शतकांनी जुने असते, आणि काही प्रसंगी वस्तू टिकून राहून नाव मात्र बदलते. शस्त्रांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. एखाद्या जुन्या ग्रंथात शस्त्राचे नाव आढळले म्हणजे त्या नावाने आज ओळखली जाणारी वस्तूही त्या काळी होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अभ्यासकाला होतो. या मोहापायी अग्न्यस्त्रांच्या इतिहासात जेवढा गोंधळ माजला आहे, तेवढा क्वचितच अन्यत्र आढळेल. सबब, तोफ, बंदूक, दारू, बाण इत्यादी परिचित शब्दांचा प्रवास तपासून, नावाच्या साक्षीचे मूल्य किती आणि तिची मर्यादा कोणती, हे येथे पाहावयाचे आहे.

१

प्रारंभी एक उदाहरण घेणे सोयीचे होईल. इ. स. १२६० ते १२७७ या काळात इजिप्तवर राज्य करणारा ममलूक सुलतान बैबर्स हा ‘अल-बुंदुकदारी’ या उपनामाने प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाला या उपनामात ‘बंदूक’ हा शब्द तत्काळ ऐकू येतो, आणि ‘बंदूकदार’ असा त्याचा अर्थ लावावासा वाटतो. तो अर्थ चुकीचा आहे. बैबर्सचा पूर्वीचा धनी ‘बुंदुकदार’ या हुद्द्यावरील एक अमीर होता, आणि बुंदुकदार म्हणजे सुलतानाचे गलोल-धनुष्य वाहणारा मानकरी. अरबी ‘बुंदुक’ या शब्दाचा मूळ अर्थ एका कठीण कवचाच्या छोट्या गोल फळाचा, हेझलनटचा. ग्रीकांनी या फळाला ‘पाँतिकोन’, म्हणजे काळ्या समुद्राच्या पाँतस प्रांतातील फळ, असे म्हटले होते. त्याच शब्दाचे हे अरबी रूप होय. फळाच्या आकारावरून मातीच्या किंवा शिशाच्या गोळीस ‘बुंदुक’ म्हणू लागले, आणि अशी गोळी फेकणारे शिकारी धनुष्य ते ‘कौस अल-बुंदुक’ झाले. बैबर्सच्या काळी इजिप्तमध्ये हातातून उडविण्याचे अग्न्यस्त्र नव्हते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते तेथे आले, तेव्हा शिशाची गोळी फेकणारे म्हणून त्याला हे जुने, तयार नाव मिळाले. डेव्हिड आयलॉन यांनी ममलूक राज्यातील अग्न्यस्त्रांवरील आपल्या १९५६ च्या ग्रंथात ही परंपरा साधार मांडली आहे.

अरबी भाषेत व्हेनिस नगराचे नाव ‘अल-बुंदुकिय्या’ असे असल्यामुळे बंदूक हा शब्द व्हेनिसवरून आला, अशीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ध्वनिसाम्यामुळे ती आकर्षक वाटते. तथापि गोळी या अर्थाचा ‘बुंदुक’ शब्द बंदुकीच्या कितीतरी आधीपासून रूढ होता, एवढी एकच गोष्ट ती व्युत्पत्ती अनावश्यक ठरविण्यास पुरेशी आहे. फळापासून गोळीकडे, गोळीपासून धनुष्याकडे आणि धनुष्यापासून बंदुकीकडे असा हा अर्थप्रवास असून त्यातील प्रत्येक पायरी उघड दिसते.

२

बुंदुक शब्दाची ही कथा अपवादात्मक नाही. नव्या वस्तूला नाव देताना समाज बहुधा नवा शब्द घडवीत नाही. हाताशी असलेल्या शब्दालाच नव्या कामास लावतो. अग्न्यस्त्रांची जगभरची नावे एकत्र मांडली असता ती मोजक्या वर्गांत विभागली जातात.

पहिला वर्ग नळीचा. लॅटिन ‘कॅना’ म्हणजे वेत किंवा बोरू. त्यावरून इटालियन ‘कान्नोने’ व पुढे इंग्रजी ‘कॅनन’ हे शब्द निघाले. फ्लॉरेन्सच्या इ. स. १३२६ च्या एका नगरनिर्णयात धातूच्या अशा नळ्यांचा उल्लेख येतो. चेक भाषेतील ‘पिश्चाला’ म्हणजे पावा किंवा शिटी. पंधराव्या शतकातील हुसाइट युद्धांत हे नाव हातबंदुकीस मिळाले, आणि ‘पिस्तूल’ या शब्दाचे मूळ बहुतेक भाषाशास्त्रज्ञ तेथेच शोधतात. फारसी ‘तुफंग’ व तुर्की ‘तुफेक’ यांचा संबंधही फुंकनळीशी आहे. अकराव्या शतकात महमूद काश्गरीने रचलेल्या तुर्की कोशात ‘तुवेक’ हा शब्द चिमण्यांवर खडे फुंकून मारण्याच्या नळीसाठी दिला आहे. याच शब्दाची रूपे हिंदीत ‘तुपक’, कन्नड व तेलुगूत ‘तुपाकी’ आणि तमिळमध्ये ‘तुप्पाक्कि’ अशी आढळतात. आपल्याकडील ‘नाळ’, ‘नळी’ हे शब्द याच जातीचे. अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’त हत्तीवरून न्यावयाची ती ‘गजनाल’ आणि एका माणसाने उचलावयाची ती ‘नरनाल’ असा भेद दिलेला आहे. मराठी कागदपत्रांतील उंटावरची ‘सुतरनाळ’ ही त्यांचीच भावंड होय. ‘शुतुर’ म्हणजे फारसीत उंट.

दुसरा वर्ग गोळ्याचा. तुर्की ‘तोप’ म्हणजे गोल वस्तू, चेंडू. आजही तुर्की भाषेत त्या शब्दाने चेंडूही कळतो आणि तोफही. गोळ्याचे नाव गोळा फेकणाऱ्या यंत्राला मिळाले. फारसीमार्गे तो शब्द भारतात आला. हिंदीने त्यातील ‘प’ राखला, मराठीने मात्र तो महाप्राण करून ‘तोफ’ असे रूप रूढ केले. बुंदुक शब्दही याच वर्गातला.

तिसरा वर्ग द्रव्याचा. अरबी ‘नफ्त’ हा मूळचा जमिनीतून निघणाऱ्या ज्वालाग्राही तेलाचा वाचक. ममलूक काळात त्याचा उपयोग दारूसाठी व पुढे तोफेसाठीही झाला. ‘बारूद’ हा आज दारूचा वाचक असलेला शब्द प्रथम केवळ सोऱ्याचा वाचक होता. तेराव्या शतकातील वनस्पतिवेत्ता इब्न अल-बैतार हा शब्द त्याच अर्थी नोंदवितो. अरबी ग्रंथांत सोऱ्याला ‘चीनचे हिम’ असेही म्हटलेले आहे, आणि त्या नावात त्या द्रव्याच्या ज्ञानाची वाट सूचित झाली आहे.

चौथा वर्ग प्राण्यांचा. फारसी-अरबी ‘जंबूर’ म्हणजे गांधीलमाशी. बाराव्या शतकातील क्रूसयुद्धांच्या वृत्तांतांत ‘जंबूरक’ हे नाव यांत्रिक धनुष्य व त्याचा बाण यांच्यासाठी येते; पुढे तेच नाव उंटाच्या पाठीवरील लहान तोफेस मिळाले, आणि मराठीत ‘जंबुरा’ झाले. इटालियन ‘मोस्का’ म्हणजे माशी; त्यावरून ‘मोस्केत्तो’ हे यांत्रिक धनुष्याच्या बाणाचे नाव झाले, व त्यातून ‘मस्केट’. अर्थात पश्चिम आशिया आणि इटली या दोन दूरच्या प्रदेशांत, दंश करणाऱ्या कीटकापासून बाणाकडे आणि बाणापासून बंदुकीकडे, असा एकच प्रवास घडून आला. दोन्ही ठिकाणी नाव दारूपेक्षा जुने आहे.

पाचवा वर्ग व्यक्ती आणि लोकसमूह यांचा. विंडसर किल्ल्यातील इ. स. १३३० च्या सुमाराच्या एका यादीत ‘श्रीमती गुनिल्डा’ या नावाचे एक मोठे यांत्रिक धनुष्य नोंदलेले आहे. युद्धवाचक घटकांनी बनलेल्या या नॉर्स स्त्रीनामापासून इंग्रजी ‘गन’ हा शब्द निघाला, असे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. लोकवाचक नावांत ‘फिरंगी’ हा शब्द सर्वांत उद्बोधक होय. पानिपतच्या १५२६ च्या लढाईचे वर्णन करताना बाबर ‘फिरंगी’ हे नाव तोफेसाठी वापरतो. ओटोमन तुर्कीत ‘प्रांगी’ ही एक लहान तोफ होती, आणि सोळाव्या शतकात चिनी लोकांनी पोर्तुगिजांच्या फिरत्या तोफेला ‘फोलांगची’ असे नाव दिले. दक्षिणेत मात्र ‘फिरंग’ ही सरळ पात्याची तलवार झाली, आणि सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘फिरंग’ हा एक रोग आहे. एकाच लोकसमूहाच्या नावाने तोफ, तलवार आणि रोग या तीन वस्तू ओळखल्या जाव्यात, यावरून नाव वस्तूचे स्वरूप सांगत नाही, ती कोणाकडून आली असे लोकांना वाटले तेवढेच सांगते, हे स्पष्ट व्हावे.

३

‘दारू’ या शब्दाचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीत त्याचे दोन अर्थ रूढ झाले : मद्य आणि स्फोटक चूर्ण. ‘दारूगोळा’, ‘दारूकाम’ या सामासिक शब्दांत दुसरा अर्थ आजही जिवंत आहे. स्फोटक चूर्णाला औषध का म्हणावे, असा प्रश्न सहज उपस्थित होतो. त्याचे उत्तर चिनी भाषेत सापडते. इ. स. १०४४ च्या ‘वूचिंग त्सुंग्याओ’ या लष्करी संग्रहात स्फोटक मिश्रणांची जी सर्वांत जुनी उपलब्ध प्रमाणे आहेत, तेथे त्या मिश्रणाचे नाव ‘हुओयाओ’, म्हणजे ‘अग्नीचे औषध’, असे आहे. सोरा आणि गंधक ही दोन्ही द्रव्ये चीनमधील औषधी व किमयाविद्येच्या भांडारातली होती. वैद्याच्या खलातून युद्धसामग्रीत गेलेल्या द्रव्याने आपले जुने नाव बरोबर नेले. चिनी ‘याओ’ आणि फारसी ‘दारू’ यांच्या अर्थाची वाट एकच आहे.

चीनमध्येही जुन्या नावाने नवी वस्तू झाकली जाण्याचे प्रकार घडले. ‘पाओ’ हा शब्द प्रथम दगड फेकणाऱ्या यंत्राचा वाचक होता, आणि त्याच्या चिन्हात पाषाणवाचक अंग होते. तोफेचा प्रसार झाल्यावर शब्द तोच राहिला, परंतु चिन्हात अग्निवाचक अंग येऊन बसले. ‘हुओच्यांग’ म्हणजे अग्निभाला. इ. स. ११३२ मध्ये देआन नगराच्या वेढ्यात वापरलेला हा भाला म्हणजे लांब बांबूच्या नळीतून ज्वाला फेकणारे साधन होते, बंदूक नव्हे. धातूच्या खऱ्या तोफेचा निःसंदिग्ध पुरावा शांगदू या मंगोल राजधानीच्या स्थळी सापडलेल्या कांस्य तोफेत आहे, तिच्यावर इ. स. १२९८ शी जुळणारी तारीख कोरलेली आहे. येथे नावापेक्षा वस्तूच बोलते, म्हणून तिची साक्ष अधिक बलवत्तर होय.

‘हुओच्यान’ या चिनी शब्दाचा इतिहास मराठी अभ्यासकाला विशेष जवळचा वाटेल. त्याचा शब्दशः अर्थ अग्निबाण. प्रथम तो ज्वलनशील पदार्थ बांधलेल्या साध्या बाणाचा वाचक होता. पुढे स्वतःच्या दारूच्या जोरावर उडणाऱ्या बाणाला तेच नाव मिळाले. मराठीत ‘बाण’ शब्दाचे असेच झाले. मराठेशाहीच्या कागदपत्रांत व बखरींत लष्कराच्या सरंजामात जे ‘बाण’ येतात, ते बहुधा धनुष्याचे नसून दारू भरलेल्या नळीचे असतात. अठराव्या शतकात हैदर व टिपू यांच्या सैन्यांनी वापरलेले लोखंडी नळीचे बाण याच परंपरेतले, इ. स. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना त्यांचा कडू अनुभव आला, आणि पुढे विल्यम काँग्रीव्ह याच्या बाणांस तेथूनच प्रेरणा मिळाली. बखरीतील ‘बाणांचा मारा’ हे शब्द वाचून धनुर्धारी सैन्याचे चित्र रंगविणारा वाचक जी चूक करतो, तिच्या नेमकी उलट चूक रामायणातील अग्न्यस्त्र वाचून अग्निबाणाचे चित्र रंगविणारा करतो. दोघेही नाव खरे धरतात आणि काळ विसरतात.

४

या पार्श्वभूमीवर प्राचीन भारतातील अग्न्यस्त्रांच्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. मद्रासमधील संस्कृतचे प्राध्यापक गुस्टाफ ओपर्ट यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, प्राचीन हिंदूंना दारू व तोफा यांचे ज्ञान होते, असा पक्ष मांडला. त्यांचा मुख्य आधार ‘शुक्रनीति’ हा ग्रंथ. परकीय सत्तेखाली आत्मप्रत्यय शोधणाऱ्या सुशिक्षित वर्गाला हा पक्ष प्रिय वाटला, हे समजण्यासारखे आहे. ‘शतघ्नी’ म्हणजे तोफ आणि ‘नालीक’ म्हणजे बंदूक, अशी समीकरणे पुढे सर्रास लिहिली गेली.

‘शतघ्नी’ म्हणजे शंभरांना मारणारी. या नावात नळी नाही, गोळा नाही, द्रव्य नाही. केवळ परिणाम आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात शतघ्नी ही चलयंत्रांच्या यादीत मुद्गर, गदा, त्रिशूल, चक्र यांच्या सोबतीने येते, आणि टीकाकार तिचे वर्णन तटावर ठेवलेला, लांब खिळे बसविलेला प्रचंड ओंडका असे करतात. त्याच अर्थशास्त्रात आग लावण्याच्या मिश्रणांची जी कृती दिली आहे, तीत देवदार, गुग्गुळ, राळ, लाख, जनावरांची विष्ठा इत्यादी पदार्थ आहेत. स्फोटाला अवश्य असणारा सोरा नाही. महाभारतातील ‘नालीक’ हा नाराच, कर्णी यांच्या बरोबरीने येणारा बाणाचा एक प्रकार आहे.

येथे एक कसोटी सुचते. खरी बंदूक कोणत्याही भाषेत एकटी येत नाही. ती शब्दांचे एक कुटुंब बरोबर आणते. मराठीत बंदुकीबरोबर दारू आली, सोरा आला, गोळी आली, पेटती वात म्हणून ‘तोडा’ आला, कानावर टाकावयाची बारीक दारू म्हणून ‘रंजक’ आली, चाप ओढताच पडणारा ‘घोडा’ आला. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, ठासणीची बंदूक असे भेद पडले. ‘गोलंदाज’ व ‘बरकंदाज’ हे हुद्दे आले. पोर्तुगिजांकडून ‘काडतूस’ आले. नाव काव्यातून येऊ शकते, परंतु वात, रंजक आणि ठासणी हे शब्द ज्यांचे हात काळे झाले आहेत अशा माणसांच्याच बोलण्यातून येतात. शतघ्नीला असे कुटुंब नाही. कोणत्याही प्राचीन ग्रंथात ती भरण्याचा, पेटविण्याचा, तिच्या धुराचा किंवा तिच्यासाठी लागणाऱ्या द्रव्याचा शब्द तिच्याजवळ उभा नाही.

शुक्रनीतीत मात्र असे कुटुंब आहे. तेथे मोठी व लहान नालिका आहे, ‘अग्निचूर्ण’ आहे, आणि पाच भाग सोरा, एक भाग गंधक व एक भाग कोळसा असे प्रमाणही आहे. म्हणून कुटुंब असणे ही आवश्यक अट असली तरी ती पुरेशी नाही. ग्रंथाचा काळही सिद्ध व्हावा लागतो. लल्लनजी गोपाल यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, उपलब्ध शुक्रनीती ही एकोणिसाव्या शतकातील रचना असल्याचे दाखविले. बंदुकीचे तपशीलवार वर्णन हे त्या ग्रंथाच्या अर्वाचीनत्वाचेच एक गमक ठरते. ज्या वर्णनाने बंदूक प्राचीन ठरवावयाची, त्याच वर्णनाने ग्रंथ अर्वाचीन ठरला.

संस्कृत नाव असणे म्हणजे वस्तू प्राचीन असणे नव्हे, याचा महाराष्ट्रातील पुरावा ‘राज्यव्यवहारकोशा’त आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या या कोशाचा हेतूच रूढ फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा होता, आणि त्याच्या दहा वर्गांत एक ‘शस्त्रवर्ग’ही आहे. सतराव्या शतकात जाणीवपूर्वक योजलेला प्रतिशब्द संदर्भावेगळा वाचला, तर तो सहज वेदकालीन वाटेल.

या प्रश्नाचा संयमित अभ्यास कसा करावा, याचा वस्तुपाठ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी घालून दिला. शोभेच्या दारूकामाचा भारतातील इतिहास त्यांनी इ. स. १४०० नंतरच्या दिनांकित साधनांवरून जुळविला. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या ‘कौतुकचिंतामणी’ या सोळाव्या शतकाच्या आसपासच्या ग्रंथातील दारूकामाच्या कृती त्यांनी पुढे आणल्या. तेथे सोऱ्यासाठी येणारा ‘यवक्षार’ हा शब्दही जुनाच आहे. प्राचीन वैद्यकात तो जवाच्या राखेपासून काढलेल्या क्षाराचा वाचक होता. म्हणजे औषधी द्रव्यांच्या नावांबाबतही तीच सावधगिरी पाळावी लागते.

५

हीच सावधगिरी फारसी तवारिखांबाबतही आवश्यक आहे. फेरिश्ता हा बहमनी सुलतान पहिला महंमदशहा याच्या चौदाव्या शतकातील विजयनगरविरुद्धच्या मोहिमांत तोफांचा व रूमी आणि फिरंगी गोलंदाजांचा उल्लेख करतो. परंतु फेरिश्ता त्या घटनांनंतर सुमारे अडीच शतकांनी, सतराव्या शतकाच्या आरंभी, तोफांनी गजबजलेल्या विजापुरात बसून लिहीत होता. आपल्या काळचे नाव पूर्वकाळच्या आगीच्या साधनांना देणे हे त्याच्याकडून नकळत घडणे शक्य होते. म्हणून इक्तिदार आलम खान यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या उल्लेखांना कालविपर्यस्त मानले आहे. संस्कृत ग्रंथांच्या बाबतीत लावलेली कसोटी फारसी ग्रंथांना न लावणे अन्यायाचे होईल. कसोटी एकच असावयास हवी.

याच विजापुरातील एका तोफेचे नाव या विवेचनाच्या शेवटी विचारात घेणे उचित होईल. ‘मलिक-इ-मैदान’, म्हणजे रणांगणाचा स्वामी, ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीसाठी महंमद बिन हसन रूमी याने ओतली. पुढे ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर चढली. मराठी माणसाने तिचे नाव ‘मुलूखमैदान’ असे केले. अपरिचित ‘मलिक’ जाऊन परिचित ‘मुलूख’ आला, आणि नावाला नवा अर्थ प्राप्त झाला. पुढे ते नाव तोफेवरूनही सुटले, आणि गर्जणाऱ्या वक्त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणण्याचा प्रघात पडला. तोफेवरील लेख नष्ट झाला असता आणि केवळ ‘मुलूखमैदान’ हे नाव उरले असते, तर त्यावरून तिच्या कर्त्याचा, काळाचा किंवा मूळ नावाचा पत्ता कोणालाही लागला नसता. तिचा इतिहास कळतो तो धातूवर कोरलेल्या अक्षरांमुळे.

यावरून नावांची साक्ष टाकाऊ ठरते, असे मात्र नव्हे. नाव हे वस्तू कोणत्या मार्गाने आली, तिचे साम्य कशाशी वाटले, आणि तिला कोणी हाताळले, हे फार विश्वासाने सांगते. तोफ तुर्कांच्या मार्गे, दारू फारसीतून आणि काडतूस पोर्तुगिजांकडून आले, हे मराठी शब्दच सांगतात. त्यासाठी तवारिखेची गरज नाही. नाव जे सांगू शकत नाही, ते म्हणजे वस्तूची जन्मतिथी. बखरींच्या संपादकांनी ‘बाण’, ‘नाळ’, ‘दारू’, ‘फिरंग’ यांसारख्या शब्दांना टीप देताना त्या त्या कागदाच्या काळातील अर्थ सोबतच्या शब्दांवरून ठरवावा, आणि कोशकारांनी प्रत्येक अर्थापुढे त्याचा सर्वांत जुना दिनांकित प्रयोग नोंदवावा. एवढी शिस्त पाळली गेली, तर बुंदुकदाराच्या हाती अकाली बंदूक देण्याचे आणि शतघ्नीत नसलेली दारू भरण्याचे प्रसंग पुष्कळ अंशी टळतील.